नाहरगडाचा कडा आणि तोपशेची दृष्टी

जयपूरच्या माथ्यावर, अरवलीच्या कड्यावर, सवाई जयसिंगाने १७३४ साली नाहरगड बांधविला. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा १९७४ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या स्मरणात मात्र या गडाची वेगळीच नोंद असते. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या मुकुल या बालकाला घेऊन निघालेल्या डॉ. हाजरांना दोन भामटे येथेच कड्यावरून ढकलून देतात. खरे हाजरा कोण आणि तोतया कोण, हे त्या क्षणापासून प्रेक्षकाला ठाऊक असते. पुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की हे फेलूदाला केव्हा उमगणार?

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, ती १९७१ साली ‘देश’च्या शारदीय अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यात हे असे घडत नाही. कादंबरीचा निवेदक तोपशे हा फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ. त्याने जे पाहिले तेवढेच वाचकाला दिसते. कड्यावरचा प्रसंग त्याच्या डोळ्यांआड घडतो, आणि म्हणून वाचकाच्याही. तोतया हाजरांना तोही खरे समजतो, आपणही समजतो. अखेरीस उलगडा होतो तेव्हा आपण मागची पाने चाळू लागतो. समोर असलेला पुरावा आपल्या नजरेतून कसा निसटला, हे पडताळून पाहतो. रहस्यकथेच्या आस्वादाचे मर्म या पडताळणीत आहे.

रूपांतराविषयीची नेहमीची तक्रार अशी, की दिग्दर्शकाने लेखकाला न्याय दिला नाही. येथे ती संभवत नाही, कारण लेखक आणि दिग्दर्शक एकच आहेत. रायांनी आपलेच रहस्य जाणीवपूर्वक आधी फोडले. पडद्यावर धक्क्यापेक्षा उत्कंठा अधिक टिकते, हे माध्यमाचे भान त्यामागे असावे. चित्रपट म्हणून हा निर्णय अचूकच ठरला. त्याची किंमत मात्र तोपशेने मोजली. कादंबरीत जो आपली दृष्टी होता, तो पडद्यावर फेलूदाच्या शेजारी बसलेला एक मुलगा झाला. कॅमेऱ्याला निवेदकाच्या अज्ञानाची गरज उरली नाही.

दुसरी किंमत चेहऱ्यांची. या कादंबरीतच प्रथम अवतरलेले रहस्यकथाकार लालमोहन गांगुली, अर्थात जटायू, पडद्यावर संतोष दत्त यांनी असे साकारले, की त्यानंतर राय स्वतःच्या कथांसाठी चित्रे काढताना जटायूला दत्तांचाच चेहरा देऊ लागले. १९८८ साली दत्त निवर्तले. त्यानंतर रायांनी फेलूदावर चित्रपट केला नाही. निर्मात्यालाही आपल्या पात्राची मूळ मुद्रा परत मिळवावीशी वाटू नये, यापरते पडद्याच्या सामर्थ्याचे प्रमाण कोणते? मग वाचकाची काय कथा?

मराठी रसिकाला हा अनुभव परका नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश आपल्यापैकी अनेकांना प्रथम भेटला तो १९९३ साली दूरदर्शनवर, रजित कपूर यांच्या रूपाने. बासू चटर्जींची ती मालिका संयत आणि मूळ कथांशी इमान राखणारी होती. तरीही बहुतेक मूळ कथांचा निवेदक असलेला, व्यवसायाने लेखक असलेला अजित तेथे केवळ सोबती उरला. पात्र राहिले, लेखणी गेली. शेरलॉक होम्सच्या वॉटसनचेही पडद्यावर पुष्कळदा असेच झाले आहे.

तेव्हा पडद्याने मूळ कृतीला झाकोळले म्हणजे नेमके काय केले? कथानक त्याने राखले, नायक तर अधिक ठसठशीत केला. हरपतो तो सांगणाऱ्याचा स्वर, आणि त्याच्याबरोबर वाचकाचा चुकण्याचा अधिकार.

परंतु सारा दोष पडद्याच्या माथी मारून समीक्षकाला मोकळे होता येणार नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मराठी वाचकांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. त्यांच्या झुंजारला वा काळा पहाडला ब्योमकेशसारखा घराघरांत पोचलेला पडद्यावरचा चेहरा लाभला नाही. म्हणून ती पुस्तके अधिक सुरक्षित राहिली काय? उलट, आजच्या तरुण वाचकाला ती नावेही अपरिचित होत चालली आहेत. त्यांच्यावर सावली पडली ती आमच्या अनास्थेची. रंजनपर म्हणून आम्ही त्या वाङ्मयाला दाराबाहेर ठेवले. त्यातील निवेदन, संवाद, गती यांची गंभीर चिकित्सा अभावानेच झाली. प्रस्तुत लेखकही या अपराधातून सुटत नाही.

‘सोनार केल्ला’ पाहून आजही बंगाली प्रवासी जैसलमेरचा किल्ला शोधत जातात, आणि त्यांपैकी काहीजण परतून कादंबरी उघडत असतील. सावलीला निदान मूळ वस्तूकडे बोट दाखविता येते. विस्मरणाला तेही साधत नाही. नाहरगडाचा कडा चित्रपटात पाहिला असला, तरी तोपशेच्या शेजारी बसून, काहीच ठाऊक नसल्यासारखे, पहिल्या पानापासून निघायला हवे. तो मार्ग मोकळा ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.