हातभर अंतरावरची जपानी जादू

जादूचे प्रयोग म्हटले की आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना अजून पी. सी. सरकार आठवतात. झगमगता फेटा, भलामोठा रंगमंच आणि करवतीने दोन तुकडे होणारी तरुणी असा त्यांचा सगळा थाट. सरकारांचे जपान दौरे गाजले आणि अशाच एका दौऱ्यावर असताना जानेवारी १९७१ मध्ये होक्काइदो बेटावर त्यांचे निधन झाले. जपानने त्यांना डोक्यावर घेतले खरे, पण तिथल्या जादूगारांचे जगाला दिलेले खरे देणे अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. टेबलापलीकडे बसलेली चार माणसे, हातात चार नाणी किंवा पत्त्यांचा एक कॅट, आणि मध्ये जेमतेम हातभर अंतर.

या क्लोज-अप जादूचे कौतुक करताना बोटांच्या वेगाचा उल्लेख हमखास होतो. तो चुकीचा आहे. वेग दिसला की संशय आलाच. चांगल्या जपानी जादूगाराचा हात घाईत कधीच नसतो. पत्ता उचलताना तो जितका सैल दिसतो, तितकाच लपवतानाही दिसतो. कोणती हालचाल नेमकी फसवी होती, हे सांगायला प्रेक्षकाकडे जागाच उरत नाही. या कलेची मोहिनी आहे ती या सफाईत.

तिची मुळे जुनी आहेत. पारंपरिक जपानी जादूला तेझुमा किंवा वाझुमा म्हणतात. जादूची गुपिते सांगणारी पुस्तके तिथे अठराव्या शतकातच छापली जात होती. १७६४ चे ‘होकासेन’ त्यांतलेच. वाडगे आणि चेंडू यांचा तिथला खेळ आपल्या गारुड्यांच्या कटोरी-गोळीचा सख्खा भाऊ शोभेल. सर्वांत देखणा प्रयोग मात्र कागदी फुलपाखरांचा. जादूगार कागदाचा कपटा पिळतो, पंख्याने वारा घालतो आणि फुलपाखरू भिरभिरू लागते. मग त्याला जोडीदार मिळतो. पंखा हलताना दिसत असतो, तरी पाहणाऱ्याला तो वाऱ्याचा खेळ वाटत नाही. जपान सरकारने १९९७ मध्ये वाझुमाची दखल अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून घेतली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोक्योकुसाई तेनइची यांनी अमेरिका-युरोपचा दौरा केला. त्यांचा गाजलेला प्रयोग अंगठे बांधण्याचा. दोन्ही अंगठे पिळलेल्या कागदी दोरीने करकचून बांधले जात, गाठ तपासायला प्रेक्षकच पुढे येत आणि तरीही जादूगाराचे जोडलेले हात खांबातून किंवा कड्यातून आरपार जात. ना पेटी, ना पडदा. प्रेक्षकाने स्वतः तपासलेली गाठच त्याला फसवते.

तेनइचींची शिष्या तेनकात्सु हिने पुढे स्वतःचा मोठा संच उभारला. या संचाबरोबर १९२४ मध्ये अमेरिकेला गेलेला इशिदा तेनकाई तिथेच राहिला आणि १९५८ मध्ये मायदेशी परतला. पत्त्यांच्या जादूत आजही ‘तेनकाई पाम’ हे नाव चालते. पत्ता तळहाताला चिकटवून लपवणे ही सर्वांची रीत. तेनकाईने तो अंगठ्याच्या बेचक्यात असा धरला की पत्ता तळहाताशी काटकोनात उभा राहतो, हाताची पाठ त्याला झाकते आणि बोटे मात्र मोकळी, सैल राहतात. वाकडी, ताठरलेली बोटे हाच पत्ता लपवल्याचा सर्वांत मोठा पुरावा असतो. त्याने तोच पुसून टाकला.

पुढे ही कला वाढवली ती बऱ्याच अंशी हौशी मंडळींनी. शिगेओ ताकागी हे जपानच्या संसद ग्रंथालयात नोकरीला होते. परदेशी तंत्रे जपानी भाषेत आणणे आणि स्वतःची परदेशी पोहोचवणे ही दोन्ही कामे त्यांनी केली. हिरोशी सावा पेशाने दंतवैद्य. विद्यापीठांतल्या जादू मंडळांतूनही पिढ्यान्‌पिढ्या हात तयार होत आले. दुसरीकडे १९३१ मध्ये सुरू झालेल्या तेन्यो कंपनीने डिपार्टमेंट स्टोअरच्या काउंटरवर जादू विकायला ठेवली. तेन्योचे खेळ प्लास्टिकचे, खिशात मावणारे; पण आखणी इतकी नेमकी की अकरा वर्षांचा मुलगाही घरी जाऊन आजोबांना चकवू शकतो. इथे हातचलाखीचे निम्मे काम वस्तूच करते.

दूरचित्रवाणीने या कलेला घरोघरी नेले. १९८० च्या दशकाअखेर मिस्टर मारिक यांनी ‘अतिजादू’चा बोलबाला केला, २००० नंतर तोमोहिरो माएदा यांच्यामुळे क्लोज-अप हा शब्द सामान्यांच्या तोंडी बसला. पण त्याच माध्यमाने घावही घातला. जपानमध्ये चलनी नाण्यांची मोडतोड करणे १९४७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जादूसाठी कोरलेली, कापलेली नाणी विकल्याबद्दल २००६ मध्ये काही जणांना अटक झाली, तेव्हा बातमीच्या नावाखाली दोन वाहिन्यांनी त्या नाण्यांचे गुपितच दाखवून टाकले. ४९ जादूगार न्यायालयात गेले. २००८ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. कायद्याने गुपिताला संरक्षण दिले नाही. मला तो निकाल जादूगारांना वाटला तितका घातक वाटत नाही. नाण्याचे गुपित उघडे पडले तर ते नाणे निरुपयोगी होते, तेनकाई पाम मात्र पुस्तकात छापूनही शिल्लक आहे. तो वाचून कळतो, वाचून येत नाही.

आजचा खरा धोका वेगळाच आहे. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींमध्ये जपानी तरुणांचे हात थक्क करणारे दिसतात. नाणी हवेत विरतात, पुन्हा उमटतात. पण कॅमेरा एकाच कोनातून पाहतो आणि कधीच म्हणत नाही, ‘दुसरा हात दाखवा बघू.’ त्या एकाच डोळ्यासाठी रियाज केला की जादू नितळ होते आणि मुकीही. दहा फिती पाहिल्या की कोण कोणता, हे आठवत नाही, कारण हात दिसतात, माणूस दिसत नाही. तोक्योच्या मॅजिक बारमध्ये हे चालत नाही. तिथे समोरचा गिऱ्हाईक पेला बाजूला सारून वाकतो, मनगट धरतो, चुकीच्या वेळी हसतो. जादूगाराला त्याच्याशी बोलावे लागते, त्याला सांभाळून घ्यावे लागते. तिथली जादू कधी कधी ओबडधोबड होते, पण जिवंत असते.

आणखी एक उणीव डोळ्यांत भरते. ज्या देशात तेनकात्सु शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा संच चालवत होती, तिथे क्लोज-अपच्या टेबलामागे आज बाई क्वचित दिसते. हौशी मंडळे आणि दुकाने यांतून वाढलेल्या कलेला क्लबाचे वळण लागले. कारागीर घडले, रंगकर्मी कमी घडले.

कारागिरीत जपानी क्लोज-अपला तोड नाही, आणि तिथेच तो अडकूनही पडला आहे. तेनकाईची बोटे शेकडोंनी आत्मसात केली. समोरच्याला बोलते करण्याची हुकमत मात्र पुस्तकातून येत नाही. ती मिळवायची तर कॅमेरा बंद करून, मनगट धरणाऱ्या त्या गिऱ्हाइकापुढेच बसावे लागेल.