साधन आणि संहिता : किविक्स प्रकल्पाविषयी काही विचार

महाजालाची सोय नसलेल्या वाचकासही विकिपीडिया वाचता यावा, या हेतूने २००७ साली किविक्स हा प्रकल्प सुरू झाला. प्रारंभी त्याचे स्वरूप मुख्यत्वे वाचनसाधनाचे होते. पुढे ‘झिम’ या मुक्त संचिकापद्धतीच्या आधारे विक्शनरी, प्रकल्प गटेनबर्ग इत्यादींच्या संचिका सिद्ध होऊ लागल्या. ‘झिमिट’ या उपकरणामुळे तर बहुतेक कोणत्याही संकेतस्थळाची अशी संचिका करता येते. म्हणजेच प्रकल्पाचा भर वाचनयंत्राकडून प्रकाशनाकडे सरकला आहे. हे स्थित्यंतर इष्टच होय. कारण वाचकाला हवे असते ते पुस्तक, पुस्तकाचे कपाट नव्हे. तथापि त्याबरोबर येणारी जबाबदारी पुरती ओळखली गेली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

‘आम्ही केवळ वाहक, संपादक नव्हे’, असा बचाव येथे संभवतो. तो टिकण्यासारखा नाही. एकाच विकिपीडियाच्या पूर्ण, चित्रविरहित आणि लघु अशा तीन प्रती निघतात. चित्रांसह पूर्ण इंग्रजी प्रत सुमारे १०० गिगाबाइटांची असल्याने लहान प्रतींची गरज उघड आहे. परंतु लघु प्रतीत लेखाचा प्रास्ताविक भाग तेवढा उरतो. व्याख्या प्रास्ताविकात असते; मतभेद, अपवाद व पुरावे पुढे येतात. म्हणजे वाचकाच्या हाती निर्णय पडतो, त्यामागील वाद पडत नाही. काय गाळावे हे ठरविणे, हेच संपादन होय.

दुसरा मुद्दा भाषेचा. मराठीत नाम बहुधा सामान्यरूपानेच वाक्यात वावरते : ‘घोडा’ हे मूळ रूप, पण वाक्यात ‘घोड्याला’, ‘घोड्यांचा’. सामान्यरूपाची जाण नसलेल्या शोधयंत्रास हे शब्द परस्परांस परके वाटतात. महाजालाशी जोडलेला वाचक अन्यत्र शोध घेईल. ज्याच्यापाशी ती एकच संचिका आहे, तो ‘माहिती उपलब्ध नाही’ असे समजून थांबेल. तेव्हा मराठी प्रकाशनात भाषाविश्लेषण हा अलंकार नव्हे, पायाच आहे.

तिसरा मुद्दा कालाचा. विकिपीडियातील चूक कोणीही दुरुस्त करू शकतो. संचिकेतील चूक नवी प्रत येईपर्यंत तशीच राहते. संचिकेच्या नावात वर्ष व महिना नोंदविण्याची किविक्सची प्रथा या दृष्टीने स्तुत्य आहे. परंतु संचिकेचे नाव सामान्य वाचक क्वचितच पाहतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही छापले गेले त्या क्षणी गोठलेच. पण ते केव्हाचे व कोणाच्या संपादनाखालचे, हे खंड उघडताच कळते.

म्हणून प्रत्येक संचिकेच्या पहिल्याच पानावर प्रतीचा काल, निवडीचे तत्त्व आणि गाळलेल्या भागाचा निर्देश स्पष्ट मराठीत असावा, एवढीच अपेक्षा आहे. प्रकाशकाचे काम पत्करले, की मुखपृष्ठाचे उत्तरदायित्वही पत्करावे लागते.