परवानगीच्या दोन फाइली

युनिक्सच्या जगात सुबक प्रोग्रॅम पुष्कळ आहेत, पण काम आटोपून इतक्या तत्परतेने नाहीसा होणारा टीसीपी रॅपरसारखा विरळाच. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठात 1990 च्या सुमारास एक घुसखोर वारंवार रूटचा ताबा मिळवून यंत्रांवरच्या फाइली पुसून टाकी. तो येतो कुठून, हे वीत्स व्हेनेमा यांना शोधायचे होते. टेलनेट, फिंगर अशा सेवांसाठी तेव्हा आयनेटडी हा एकच प्रोग्रॅम जोडणीची वाट पाहत बसे आणि ती आली की त्या सेवेचा प्रोग्रॅम सुरू करी. व्हेनेमांनी आयनेटडीला हात लावला नाही आणि सेवांनाही नाही. मूळ प्रोग्रॅम दुसरीकडे हलवला आणि त्याच्या जागी, त्याच्याच नावाने, आपला चिमुकला प्रोग्रॅम ठेवला. देवडीवरच्या चोपदाराने वर्दी द्यावी आणि बाजूला व्हावे, तसा हा येणाऱ्याचे नाव लॉगमध्ये लिहितो आणि मूळ प्रोग्रॅमला आपली जागा देऊन संपतो. जोडणीवरून तो एक बाइटही वाचत नाही की पाठवत नाही. म्हणून तो पलीकडच्याला दिसत नाही, आणि टेलनेट असो वा फिंगर, पुढे तसाच्या तसा बसतो.

नोंदीच्या जोडीला पुढे परवानगी आली. होस्ट्स.अलाउ ही फाइल आधी वाचायची, मग होस्ट्स.डिनाय, पहिली जुळणारी ओळ सापडली की शोध थांबला. दोन्हींत काहीच जुळले नाही तर प्रवेश द्यायचा. फाइलच नसेल तर ती रिकामी समजायची. या शेवटच्या दोन कलमांतला समंजसपणा चटकन लक्षात येत नाही: रॅपर बसवल्याने कोणाचेही काम अडत नाही, अडवायचे ते मुद्दाम लिहावे लागते. तक्रारींचा उगमही नेमका इथेच. अलाउमध्ये निवडक पत्ते मोठ्या निगुतीने लिहिलेले असतात, डिनायमध्ये ‘ऑल: ऑल’ लिहायचे राहून गेलेले असते, आणि सारे जग आत येत असते. नियम मात्र आपल्या शब्दाला जागलेला असतो.

आता टिंब पाहा. ‘.टीयूई.एनएल’ मध्ये ते आरंभी आहे, ‘131.155.’ मध्ये शेवटी. यंत्राच्या नावात व्यापक भाग उजवीकडे असतो, अंकी पत्त्यात डावीकडे. जो भाग सांगायचा नाही त्याच्या बाजूला टिंब. ते गळले की ‘131.155’ शी कोणताच पत्ता जुळत नाही, आणि तक्रारही उमटत नाही. मॅन्युअलमधले हे उदाहरण घरचेच आहे: ‘131.155.’ हा नमुना आइंडहोवन विद्यापीठाच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राशी जुळतो, असे तिथे सांगितले आहे. त्यात कंसात एक ‘जवळजवळ’ आहे. आपल्याच विद्यापीठाबद्दल लिहितानाही न सुटलेला हा काटेकोरपणा मला फार आवडतो.

दोष शोधताना सेवा पुन्हा सुरू करत बसू नये; फाइली प्रत्येक जोडणीला नव्याने वाचल्या जातात. पाहायचे ते नाव. नियमात चालणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव लागते, म्हणजे ‘इन.टेलनेटडी’, ‘टेलनेट’ लिहिले तर ओळ कधीच जुळत नाही. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबले नसेल तर ती ओळ वगळली जाते आणि लॉगमध्ये इशारा पडतो. नजरेने पकडणे कठीण अशा चुकांसाठी टीसीपीडीचेक आहे. त्याहून रसिल्या टीसीपीडीमॅचला सेवेच्या प्रोग्रॅमचे आणि येणाऱ्या यंत्राचे नाव द्यावे. खरी जोडणी न करता तो कोणत्या फाइलीतली कितवी ओळ लागू पडली ते दाखवून निकाल सांगतो. निर्णयाबरोबर त्याचे कारणही देणारी अशी साधने आजही थोडी आहेत.

अर्थात, कोणी त्या फाइली वाचतच नसेल तर निकाल कोरडाच. ओपनएसएसएचने 2014 मध्ये, 6.7 या आवृत्तीत, रॅपरचा आधार काढला. रेड हॅटच्या 2019 च्या आठव्या आवृत्तीतून तो सबंध गेला. डेबियनने मात्र आपल्या एसएसएचडीत तो पुढेही जोडून ठेवला. म्हणून आधी एलडीडी या आज्ञेला विचारावे की एसएसएचडीला रॅपरचे लिबरॅप हे ग्रंथालय जोडलेले आहे का.

सापळ्याचा नियम मी मुद्दाम मागे ठेवला. टीएफटीपीच्या दारावर कोणी आले की त्या यंत्राला उलट फिंगर करायचे आणि उत्तर रूटला टपालाने पाठवायचे, एवढे एका ओळीत बसते. इथे दोन बारकावे आहेत. समोरून आलेल्या मजकुरातली, शेलला चकवू शकणारी अक्षरे आज्ञेत जाण्यापूर्वी अंडरस्कोर होतात. आणि उलट चौकशीसाठी साधा फिंगर न वापरता सेफ_फिंगर वापरला आहे, कारण पलीकडचा खोडसाळ उत्तरांचा पूर लोटू शकतो. मॅन्युअल पुढे बजावते की फिंगरच्याच दारावर हा सापळा लावू नका. पलीकडेही कोणी तोच लावला असेल, तर दोन यंत्रे एकमेकांची चौकशी करत बसतील, अखंड.