खुर्चीवांचून सत्ता : मार्टिन ट्रान्मेल

नॉर्वेच्या मजूर पक्षाचा इतिहास वाचतांना एक गोष्ट पदोपदीं नजरेस येते. मंत्रिमंडळें येतात व जातात, पक्षाचे अध्यक्ष बदलतात. परंतु ज्याच्या शब्दाची सर्वांना वाट पाहावी लागते तो गृहस्थ कोणत्याच मंत्र्याच्या खुर्चीवर दिसत नाहीं. तो ऑस्लोंतील एका दैनिकाच्या कचेरींत बसलेला असतो. मार्टिन ट्रान्मेल (१८७९–१९६७) याच्या आयुष्याचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे, आणि त्याच्या थोरवीइतकेंच त्याच्या उणिवेचेंही मूळ येथेंच सांपडतें.

मेल्हुस गांवच्या शेतकऱ्याचा हा मुलगा धंद्यानें रंगारी. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अमेरिकेंत गेला, तेथील लढाऊ कामगार चळवळी त्यानें जवळून पाहिल्या, आणि मालकांशीं करारमदार करीत बसण्यापेक्षां प्रत्यक्ष कृतीवर त्याची श्रद्धा जडली. १९११ सालीं ट्रॉन्हैम येथील भाषणांत तो अशा अर्थाचें बोलला कीं, खाणीच्या खडकांत पाडलेल्या भोंकांत सुरुंगाचे कांहीं बार शिल्लक राहिले, तर संपफोडे तेथें कामाला धजणार नाहींत. हें एक वाक्य त्याला जन्मभर चिकटलें. अभ्यासकांनाही हाच ट्रान्मेल अधिक भावतो असें दिसतें. योरुन ब्योर्गुम यांचा त्याच्यावरील व्यासंगपूर्ण ग्रंथ १९०६ ते १९१८ या काळाचाच आहे. वादळ वर्णावयास सोपें असतें. वादळ शमल्यावर घर कसें बांधलें हें सांगणें कठीण.

१९१३ सालीं तो ट्रॉन्हैमच्या ‘नी तीद’ पत्राचा संपादक झाला. या नांवाचा शब्दशः अर्थ ‘नवा काळ’; आमच्या वाचकांना तें परकें वाटूं नये! १९१८ सालीं पक्षाची सूत्रें डाव्या गटाच्या हातीं आलीं व तो चिटणीस झाला. १९२१ पासून १९४९ पर्यंत राजधानींतील मुख्य पक्षपत्र त्याच्याकडे होतें. १९२३ पासून त्याचें नांव ‘आर्बायदरब्लादे’, म्हणजे कामगारपत्र. मध्यंतरीं जर्मनांनीं देश व्यापल्यामुळें १९४० ते १९४५ हीं वर्षें त्यानें स्टॉकहोममध्यें काढलीं, एवढाच काय तो खंड. मद्याला न शिवणारा, अविवाहित असा हा मनुष्य पत्र आणि पक्ष यांवांचून दुसरा संसार जाणत नव्हता.

त्याच्या स्वतंत्र बाण्याची खरी कसोटी १९२३ सालीं लागली. १९१९ मध्यें पक्ष मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघांत सामील झाला होता, आणि त्यांत ट्रान्मेलचाच पुढाकार होता. पण दूरच्या कार्यकारिणीच्या हुकमतीखालीं नॉर्वेचा कामगार वागेल, हें त्याला कबूल होईना. पक्ष फुटला, कम्युनिस्ट वेगळे झाले, आणि ट्रान्मेलनें बहुमत आपल्या बाजूस राखलें. हें त्याचें सर्वांत मोठें कार्य होय. तें न घडतें तर १९३५ सालीं नीगोर्सव्होल्ड यांचें मजूर मंत्रिमंडळ अधिकारावर येऊन स्थिरावलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु मंत्री संसदेला जबाबदार असतो, संपादक कोणाला? ट्रान्मेल संसदेंत बसला तो अवघीं तीन वर्षें, १९२५ ते १९२७. १९३५ च्या उन्हाळ्यांत आश्रयार्थ आलेल्या ट्रॉट्स्कीची न्यायमंत्री ट्रिग्वे ली यांच्यासह त्यानें भेट घेतली व ती मुलाखत पत्रांत छापली. पुढच्याच वर्षीं, मॉस्कोचा दाब येतांच, त्याच ली यांनीं ट्रॉट्स्कीला स्थानबद्ध केलें, आणि डिसेंबरांत त्याला जहाजावर चढवून मेक्सिकोकडे रवाना केलें. दोष ली यांच्या नांवावर नोंदला गेला. त्या सरकारच्या पक्षाचें मुखपत्र चालविणाऱ्याचे हात मात्र कोरडे राहिले. हे कोरडे हातच आम्हांला खटकतात.

भारतीय वाचकाला याहून जवळची एक गोष्ट आहे. १९३८ पासून ट्रान्मेल शांतता-पारितोषिकाच्या नोबेल समितीचा सभासद होता. १९४७ सालीं महात्मा गांधींचें नांव पुढें आलें, तेव्हां पांचांपैकीं दोघे अनुकूल होते: स्मिट इंगेब्रेट्सेन व ओफ्तेदाल, दोघेही कामगार पक्षाचे नव्हेत. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असतां गांधींना पारितोषिक देऊं नये, असें म्हणणाऱ्यांत ट्रान्मेल होता. सक्तीच्या लष्करी नोकरीवर तरुणांनीं बहिष्कार घालावा, असा प्रचार केल्याबद्दल १९२४ मध्यें ज्याला शिक्षा झाली तोच हा ट्रान्मेल! निःशस्त्र असहकाराचा अर्थ त्या खोलींत त्याच्याइतका कोणाला कळत होता? त्याचा युक्तिवाद अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणत नाहीं. फाळणीच्या रक्तपातांत निवाडा करणें सोपें नव्हतें. पण ही सावधगिरी राज्यकर्त्याची होती, बंडखोराची नव्हे. आणि राज्यकर्त्याचें पद तर त्यानें कधींच पत्करलें नव्हतें.

त्या वर्षीं पारितोषिक ब्रिटन व अमेरिका येथील क्वेकरांच्या दोन संस्थांना मिळालें. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधींचा खून झाला. त्या सालीं समितीनें तें कोणासच दिलें नाहीं. योग्य असा जिवंत उमेदवार नाहीं, असें कारण सांगितलें. ट्रान्मेल त्यानंतर आणखी पंधरा वर्षें त्या समितीवर होता.