सस्पेंशनला नेमकं काय आठवतं? 'मेमरी फॉर्मेशन इन मॅटर' वाचताना

सॉफ्ट मॅटरमध्ये पीएचडी करायचा विचार असेल, तर 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये २०१९ साली आलेला 'मेमरी फॉर्मेशन इन मॅटर' हा आढावा तुमच्या हातात कधी ना कधी येणारच. नेथन कीम, सिडनी नेगल वगैरे पाच जणांनी तो लिहिलाय. त्यात बंगळुरूच्या जेएनसीएएसआरचे श्रीकांत शास्त्रीही आहेत. जरूर वाचा, पण जरा सावधपणे.

लेखाची ताकद त्याच्या मूळ कल्पनेत आहे: माहिती लिहिता, टिकवता आणि नंतर वाचता आली, तर ती स्मृती. उदाहरण बघा. घट्ट द्रवात तरंगणारे कण ठरावीक मर्यादेपर्यंत मागेपुढे शिअर करत राहिलं, की बऱ्याच फेऱ्यांनंतर ते दर फेरीला आपापल्या जागी परत येऊ लागतात. मग शिअर शून्यापासून हळूहळू वाढवा. सरावाची मर्यादा ओलांडली, की कण पुन्हा जागा सोडतात. जुना आकडा वाचला गेला!

माझा आक्षेप इथे आहे. या गाजलेल्या प्रयोगांतले कण शंभरेक मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे असतात, म्हणजे ब्राउनियन गती जवळपास नाहीच. कोलॉइडचा कण साधारण एक मायक्रॉनहून लहान. तो स्वस्थ बसतच नाही आणि लिहिलेलं पुसत राहतो. लेखक हे लपवत नाहीत, पण नवख्या वाचकाच्या डोक्यात दोन्ही 'सस्पेंशन' एकच होतात. मग लॅपोनाइटच्या जेलमध्ये तोच आकडा शोधण्यात महिनेच्या महिने जातात.

बारीक कणांची आठवण बऱ्याचदा वेगळी असते. आमच्या धायरीत बांधकामं कायम चालू. आरएमसीची गाडी ड्रम फिरवतच येते. सिमेंटची पेस्ट स्थिर राहिली की कण एकमेकांना धरून जाळं बांधतात, ढवळली की ते तुटतं. ही प्रवाहाची आठवण. पण सोबत हायड्रेशनही चालू असतं, आणि ते ढवळून उलटत नाही. घट्टपणा दोन्हींमुळे वाढतो, त्यामुळे रिओमीटरवरच्या एकट्या आकड्यावरून फरक कळत नाही. जोरात शिअर करून पुन्हा मोजा: जे पूर्वीसारखं झालं ती रचना, जे झालं नाही, त्याला स्मृती म्हणण्याआधी रसायन तपासा.

म्हणून कुठलाही पेपर घेतलात, की आधी पद्धतीच्या भागात प्री-शिअर शोधा: किती दराने, किती वेळ, नंतर किती विश्रांती. हे दिलेलं नसेल, तर शीर्षकातल्या 'मेमरी'वर लगेच विश्वास ठेवू नका.