शाहिराचा आवाज आणि चित्रपटाची स्मृती

शाहिरी प्रयोगात सिद्ध होते, हे मराठी समीक्षेने तत्त्वतः मान्य केले आहे. प्रत्यक्षात मात्र आंबेडकरी शाहिरीचा विचार बहुधा छापील शब्दांपाशीच थांबतो. म्हणूनच आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट साहित्याच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. येथून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले. घोगरे यांचे गाणे पटवर्धनांनी पूर्वीच ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये टिपले होते. तेच चित्रण नव्या चित्रपटात पुन्हा येते.

या पुनरावृत्तीत संहितेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. शब्द तेच, चाल तीच, चेहराही तोच; तरीही अर्थ पालटतो. १९८५ साली हे गाणे झोपडपट्टीवासीयांच्या वर्तमानाची साक्ष होते. २०११ साली गायकाचा मृत्यू ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्यात शोक ऐकू येतो. अर्थ केवळ शब्दांत वसत नाही, तो ऐकणाऱ्याच्या काळातही घडतो, याचा हा प्रत्यय होय.

येथेच एक धोकाही संभवतो. दिग्दर्शकाच्या संकलनात जिवंत, वाद घालणारा शाहीर केवळ हौतात्म्याचे प्रतीक होऊ शकतो. कबीर कला मंचासारख्या पुढच्या पिढीच्या आवाजांकडे वळून चित्रपट हा धोका बऱ्याच अंशी टाळतो. एक मर्यादा मात्र उरतेच: कॅमेरा जेथे पोहोचला तेवढेच जतन झाले. दफ्तर कोणतेही असो, त्यात निवड असते. आणि निवडीमागे साधनांची मालकी असते.

नागपूरकर अभ्यासकाला हा मुद्दा दूरचा वाटू नये. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी भीमगीतांच्या पुस्तिका, कॅसेटी आणि पुढे सीडी विकल्या गेल्या. त्यांतील पाठभेद, चाली आणि गायकांची नावे यांची नोंद हे संहितासंशोधनाचेच काम आहे. ते झाले नाही, तर या परंपरेचा इतिहास योगायोगाने चित्रित झालेल्या आवाजांपुरताच उरेल.