संगमरवरातील गर्भवती, आत्मकथनातील आई

लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील चौथ्या चौथऱ्यावर १५ सप्टेंबर २००५ रोजी मार्क क्विन यांचे ‘अ‍ॅलिसन लॅपर प्रेग्नंट’ हे शिल्प उभे राहिले आणि २००७ पर्यंत ते तेथे होते. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या, शुभ्र करारा संगमरवरातील या शिल्पात जन्मतः दोन्ही हात नसलेली, आखूड पायांची एक विवस्त्र गर्भवती बसलेली आहे. त्याच चौकातील उंच स्तंभावर नेल्सन आहे. त्यालाही उजवा हात नव्हता. पण तो १७९७ च्या लढाईत गेलेला, म्हणून गौरवाचा. मिलोच्या व्हीनसचे तुटलेले हातही रसिकांना खटकत नाहीत. भग्नतेत सौंदर्य पाहणारी ही दृष्टी जन्मजात वेगळेपणापुढे मात्र अडखळते, हे क्विन यांनी नेमके हेरले. लॅपर यांचे शरीर काही भग्न नव्हे.

तथापि शिल्पाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. अपंग स्त्री गरोदर राहिली की भोवतालचे लोक विचारतात तो प्रश्न पुढचा असतो : हिला मूल सांभाळता येईल काय? शिल्प त्या प्रश्नाच्या उंबरठ्यावरच थांबते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले ‘माय लाइफ इन माय हॅन्ड्स’ हे लॅपर यांचे आत्मकथन तो उंबरठा ओलांडते. शीर्षकातील मिश्कीलपणा उघडच आहे. १९६५ मध्ये जन्मलेल्या लॅपर यांचे बालपण ससेक्समधील अपंग मुलांच्या निवासी संस्थेत गेले; आईचा सहवास दुर्मीळच राहिला. पुढे तोंडात कुंचला धरून त्या चित्रकार झाल्या, ब्रायटनमध्ये कलेची पदवी मिळवली. २००० मध्ये त्यांना मुलगा झाला. जिला घर लाभले नाही तिने मुलासाठी घर उभारावे, हा या कथनाचा खरा गाभा आहे. शिल्पाच्या प्रसिद्धीमुळे तो काहीसा झाकोळला गेला. गाय फेल्डमन यांच्या सहलेखनामुळे यातील आवाज सर्वस्वी लॅपर यांचाच मानता येत नाही, हेही खरे. शिवाय तो मुलगा २०१९ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी निवर्तला. हे ठाऊक असलेला वाचक त्याच्या जन्माची पाने आज सहजपणे वाचू शकत नाही.

लॅपर यांनी मूल एकटीने, पण मदतनीसांच्या साहाय्याने वाढवले. टीकाकारांना यात उणेपणा दिसला असेल. एकत्र कुटुंबात वाढलेल्या भारतीय वाचकाला त्याचे नवल वाटू नये. तेथे मूल एकट्या आईच्या दोन हातांवर कधी वाढतच नव्हते.